'चांगल्या'खालची रेघ

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर ओबडधोबड. लिहिते ते माझ्यापुरतंच, म्हणून माफी कुणाकडे मागायची तेही कळत नाही. बाई गेल्याचं दूधवाल्यानं सांगितलं तेव्हा मी त्यांच्याच घरी स्वयंपाकाला निघाले होते. अकरा वर्षं निघत होते. तेराव्याला त्यांच्या मुलानं सगळ्यांना एकेक कागद दिला, वर छापलेलं, 'आईच्या चांगल्या आठवणी लिहा.' मी तो घरी आणला आणि सवयीनं 'चांगल्या'खाली रेघ ओढली...

ही सवय बाईंचीच. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या बाहेरून बी.ए. करणाऱ्या पोरांचे स्वाध्याय तपासत. पोरं ओसरीवर बसायची, मी आत भाकरी थापत ऐकायची. प्रश्नात काय करायला सांगितलंय त्याखाली आधी रेघ, मग उत्तर. वर्णन करा म्हणजे दिसतं ते. कारणे द्या म्हणजे काहून ते. तुलना करा म्हणजे दोघांना शेजारी उभं करून कोण कशात उणा, कशात सरस ते. चुकलं की वही जमिनीवर. "बापानं बैल आणायला धाडलं तर तू शेळी आणशील का रे?" सगळे हसायचे, ज्याची वही तो सोडून.

माझी सारिकाही त्याच ओसरीवर बसली. तिचे वडील म्हणाले होते, "यंदा पास झाली तर शिकंल, न्हाई तर लगीन." बाईंना हे मीच सांगितलं होतं. स्वाध्याय होता, ओळखीच्या दोन दुकानांची तुलना करा. सारिकानं औंढ्याचं माझ्या भावाचं नारळ-प्रसादाचं दुकान घेतलं आणि तिच्या काकाचं चहाचं हॉटेल. चार पानं मामाची, चार पानं काकाची, देखणं अक्षर. रेघही 'तुलना'खालीच होती.

"दोघांची आरती केलीस. तुलना कुठंय?" बाईंनी विचारलं.

"मामाला उणं लिवलं तर आई रुसंल, काकाला लिवलं तर बाबा. कुणाला लिवू, बाई?"

"म्हणजे कळलं होतं. कळून लिहिलं नाहीस."

दोन गुणांनी नापास. भांडी घासताना मी पहिल्यांदा तोंड उघडलं, "बाई, दोनच गुण..."

"कच्ची भाकरी तू मला वाढतेस का, कमल?"

पुन्हा स्वाध्याय द्यायची आठशे रुपये फी त्यांनीच भरली. महिन्याला शंभर माझ्या पगारातून कापायचे ठरले. नवी वही लिहायच्या आत सारिकाचं लग्न डोंगरकडा गावी लागलं. कापणं थांबलं नाही, लग्नाच्या महिन्यातही नाही. एकदाच, ताटावरून उठताना बाई म्हणाल्या होत्या, "पोरगी हुशार होती." परवा सारिकानं फोनवर विचारलं, बाई माझं कधी काही बोलल्या का? मी म्हणाले, न्हाई.

फीचे शेवटचे शंभर रुपये राहिले होते. काल कागद नेऊन दिला. रेघेखाली एकच ओळ, 'बाईंनी मला प्रश्न वाचायला शिकवलं.'

"एवढंच, मावशी?" मुलानं विचारलं.

"चांगलं तेवढंच विचारलं होतं ना," मी म्हणाले आणि कागदावर नोट ठेवली. राहू द्या म्हणेल असं वाटलं होतं... त्यानं बाईंची हिशेबाची वही काढली, माझं नाव शोधलं, आणि त्यांच्याच लाल पेननं शेवटच्या शंभरापुढे बरोबरची खूण केली.