सत्ताविसावं कलम

समजा, तुम्ही सोळा वर्षांचे आहात. अंगावर नवाकोरा काळा झगा, समोर जाडजूड वही. इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस धर्मकलमं आपल्याला मान्य आहेत, अशी तिच्यात सही केली की विद्यापीठात प्रवेश. मागे रांग, पोटात भूक. तुम्ही ती कलमं वाचाल?

कुणीच वाचत नसे. यॉर्कशरच्या लोहाराचा मुलगा अँब्रोज थर्लबी यानंही वाचली नव्हती. सही ठोकून तो आत आला, पाद्री झाला, कॉलेजचा प्रमुख झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुलगुरूपद मिळालं, तेव्हा नव्या पोरांच्या सह्या घ्यायला तशीच वही त्यांच्या पुढ्यात आली.

पहिल्याच ऑक्टोबरात त्यांनी हुकूम सोडला: आधी सगळी कलमं मोठ्यानं वाचायची, मग सही. त्यात तासभर मोडायचा. इतर कॉलेजांचे प्रमुख दात-ओठ खाऊ लागले. वही सांभाळणारे पिनक कारकून कानाशी लागले, "डॉक्टर, तिकडे मटण गार होतंय."

"होऊ दे. देवासमोर खोटी सही करण्यापेक्षा गार मटण बरं."

रांगेत सायलस ओर्म होता. एकोणीस वर्षांचा, लँकशरच्या विणकराचा मुलगा, भूमितीत भलताच हुशार. घरचे बाप्टिस्ट, समजत्या वयात स्वतःहून घेतलेला तोच बाप्तिस्मा खरा, असं मानणारे. मुकाट्यानं सही करून ये, असं बापानं बजावून धाडलं होतं. पण सत्ताविसावं कलम ऐकलं, तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा द्यावा असं सांगणारं, आणि त्यानं टाक खाली ठेवला.

"हे मला मान्य नाही, सर."

सही नाही तर प्रवेश नाही. नियम मोडणं कुलगुरूंच्याही हातात नव्हतं. पोरगा बाहेर पडला तेव्हा पिनक वही मिटत म्हणाले, "तुम्ही वाचायला लावलं नसतं, तर आज आत असता बिचारा."

हे थर्लबींच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. झग्यासकट ते रस्त्यावर धावले आणि सायलसला गाडीच्या थांब्यावर गाठलं. त्याची पेटी स्वतः उचलून घरी आणली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर भूमिती सुरू झाली. कॉलेजप्रमुखांची बैठक बसली. जो विद्यापीठाचा नाही त्याला शिकवणं शोभत नाही, हे थांबवा, असं त्यांना सुनावण्यात आलं.

थर्लबी उभे राहिले. "घर माझं, चूल माझी, शिष्यही माझा. यात एकोणचाळिसांपैकी कुठलं कलम मोडलं, तेवढं दाखवा. बसतो मी."

कुणी दाखवलं नाही. वर्ष संपताच कुलगुरूपद मात्र काढून घेतलं. नव्या कुलगुरूंनी पहिल्याच दिवशी वाचन बंद केलं; मटण पुन्हा गरम मिळू लागलं. थर्लबींची शिकवणी चालूच राहिली, पुरती तीन वर्षं. सायलस पदवीवाचूनच गावी परतला आणि तिथे त्यानं शाळा काढली.

निरोप घेताना त्यानं विचारलं होतं, "तुम्हाला ती सगळी कलमं पटली होती, सर?"

तो गेल्यावर थर्लबींनी पिनकांकडून पंचेचाळीस वर्षांपूर्वीची वही मागवून घेतली. आपली ती घाईघाईची, तिरकी सही ते किती तरी वेळ बघत राहिले. त्या दिवशी कुणी मोठ्यानं वाचलं असतं, तर आपण कितव्या कलमावर टाक खाली ठेवला असता?