साहेबाचं घड्याळ आमच्या खोलीत

पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला आणि ह्यांना तिथल्या वर्कशॉपात लेथवर काम मिळालं, तेव्हा आम्ही चिंचवड गावठाणात एका खोलीत राहत होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. सगळं ठीक चाललं होतं. मग एका परदेशी साहेबाच्या मनगटी घड्याळाच्या पट्ट्याची पिन तुटली, नवी बसवायला त्याने घड्याळ ह्यांच्या हातात दिलं आणि आमच्या घरातली शांतता गेली.

"सोन्याचं, आणि काय पातळ अगं!" हे घरी येऊन चपला काढायच्या आत सांगू लागले. "मापं घेतलीत मी. हुबेहूब तसंच करणार."

"कशाला?"

"करून बघायला."

कॅम्पातल्या सिंधी घड्याळजीकडून त्यांनी एका जुन्या घड्याळाचं मशीन आणलं. बाहेरची केस स्वतः पितळेची कातायची, तबकडी स्वतः करायची, असा बेत. पहिली केस झाली ती माझ्या कुंकवाच्या करंड्याएवढी जाड. दुसरीत काच बसेना. तिसरीत काच बसली, तर मशीन बसेना. दर रविवारी खोलीच्या मधोमध जुनं धोतर अंथरलेलं असे आणि मी भिंतीला पाठ घासत चुलीपर्यंत जायची. झाडू मारायचा नाही, पदर झटकायचा नाही, शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्यायची. एकदा तिळाएवढा स्क्रू उडाला, तो पिठाच्या डब्यात पडला असं ह्यांनी ठरवलं. मी सगळं ज्वारीचं पीठ दोनदा चाळलं. स्क्रू निघाला ह्यांच्या शर्टाच्या बाहीत.

कुडीचं प्रकरण त्याहून वाईट. शेजारी बारसं होतं. डबी उघडली, तर एका कुडीला फिरकीच नाही.

"अहो, माझी फिरकी?"

"घड्याळाच्या किल्लीच्या टोकाला अगदी तसलीच बारीक दातांची हवी होती गं," हे मान वर न करता म्हणाले. "डाग देऊन बसवली. आता निघायची नाही."

मी मोकळ्या कानांनी बारशाला गेले. प्रत्येकीनं विचारलं.

शेवटी तबकडीवर गाडं अडलं. पांढऱ्या रंगावर बारा काळ्या रेघा काढायच्या, प्रत्येक केसासारखी बारीक. लेथवर पहाडासारखा स्थिर असणारा ह्यांचा हात इथे चालेना. रेघ फुगली की टर्पेंटाइननं पुसायची, पुन्हा रंग, पुन्हा दोन दिवस वाळवण. खोलीभर वास. सातव्या वेळेला ह्यांनी टाक भिंतीवर भिरकावला, तेव्हा माझा तोल गेला.

"द्या इकडे!"

माझं माहेर पेणचं. वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात मी बारा वर्षांची असल्यापासून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत होते. ट्रंकेतून खारीच्या केसांचा कुंचला काढला, श्वास रोखला आणि भाजी शिजायच्या आत बाराही रेघा ओढून दिल्या. हे तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग घाईघाईनं म्हणाले, "साडेसातची जरा तिरकी वाटते का?"

"साडेसातला रेघ नसते," मी म्हटलं.

घड्याळ चालू झालं. हे ते घालून कामावर गेले आणि संध्याकाळी फुलून परत आले. "साहेबांनी हातात घेऊन बघितलं! विचारत होते, रेघा कुणी आखल्या?"

"मग?"

"म्हटलं, मीच."

मी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि दोन दिवस एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, "उद्या जाऊन खरं सांगा. नाहीतर मी पेणला निघाले."

सांगितलं त्यांनी. मान खाली घालून सांगितलं असणार. परिणाम असा, की रविवारी साहेब आमच्या खोलीत हजर. गावठाणातली निम्मी माणसं दारात. साहेब वाकून आत आला, खाटेवर बसला आणि त्यानं दोन्ही घड्याळं गोधडीवर शेजारी शेजारी ठेवली. डोळ्याला भिंग लावून आधी आपली तबकडी बघितली, मग माझी. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलला.

हे वाकून गोधडीचं टोक सारखं करू लागले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले..." ह्यांनी घसा खाकरला. "ह्या रेघा त्यांच्या घड्याळातल्या रेघांपेक्षा सरळ आहेत."

"आणि तुमच्या मशीनबद्दल?"

"मशीनबद्दल काही बोलले नाहीत."

बोलणार काय? घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे धावत होतं. साहेब पोहे खाऊन गेला आणि तो वळणावरून दिसेनासा व्हायच्या आत ह्यांनी धोतर अंथरून घड्याळ उघडलं. "फक्त चाल बरोबर करतो," म्हणाले. ते घड्याळ पुन्हा कधी बंद झालं नाही, म्हणजे मिटलं नाही. पुढे बरेच महिने त्याचे तुकडे बशीत पडून होते. वैतागून मी एक दिवस तबकडी तेवढी उचलली आणि ट्रंकेत ठेवून दिली. ह्यांनी विचारलं, "ती कुठे गेली?"

"माझी आहे ती," मी म्हटलं.