राणी वाईट, कारभार चांगला

टीव्हीवरच्या एका दुष्ट बाईची बाजू घेऊन मी अख्ख्या घराशी भांडले, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. भांडले नसते तर आमच्या तीन घरांची एक विहीर आज कागदावर वाटली गेली असती. विहीर काय भाकरी आहे का, तीन तुकडे करायला? पण आमच्यात तेवढंही बोलायची वेळ आली होती.

औसा तालुक्यातलं आमचं गाव. तिघा भावांची घरं भिंतीला भिंत लागून आणि मोठा टीव्ही मामांच्या खोलीत. मामा म्हणजे माझे सासरे, आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. रोज साडेसातला तिथं एक मालिका लागायची. उडते घोडे, बोलणारं घुबड, असला सगळा प्रकार. तिच्यात एक राणी होती, पुतण्याला जंगलात हाकलून स्वतः गादीवर बसलेली काकू. ती चिडली की तिच्या डोळ्यांतून हिरवा धूर निघायचा आणि समोरचा माणूस जागच्या जागी दगड व्हायचा. ती दिसली की माझ्या दोन्ही जावा बोटं मोडायच्या. थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या तर तिला अशा शिव्या घालायच्या की मामा आपणहून टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मला मात्र राग यायचा तो त्या हाकललेल्या राजपुत्राचा. कितीतरी महिने तो घोड्यावर बसून नुसता केस उडवत फिरत होता. आणि इकडं राणी? तिच्या राज्यात कोठारं भरलेली, रस्त्यावर चोर नाही, रोज सकाळी ती स्वतः बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची. नदीवर तिनं दरवाजे बसवले होते. प्रत्येक गावाला ठरलेल्या दिवशी पाणी, आणि सातव्या दिवशी कुणालाच नाही, नदीला विसावा. हे दाखवताना मागं ढोल बडवायचे, जसं काही ती माणसं कापायला निघाली आहे. मी एकदा न राहवून म्हणाले की बाई वाईट असेल, पण कारभार चांगला करते. झालं. त्या दिवसापासून घरात मीच राक्षसीण. पोरं मला बघून डोळे वटारायची आणि तोंडानं धूर सोडायची. मामा तेवढे हसायचे आणि मुद्दाम मला उचकवायचे, आज तुझ्या राणीनं काय केलं म्हणून विचारायचे.

माझा जीव का तुटत होता, ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आदल्या वर्षी आमची विहीर फाल्गुनातच तळाला गेली होती. मोटारीच्या पेटीची किल्ली थोरल्या दिरांकडं असायची. माणूस सोन्यासारखा, पण नाही म्हणायला जीभ उचलत नाही. कुणीही किल्ली मागितली की त्यांचं एकच, "घे की, काय होतंय." शेजारच्या शिवारातल्याची भाजी वाळली, घे की. कुणाच्या लग्नाला टँकर भरायचा, घे की. गावानं त्यांना देवमाणूस म्हणून डोक्यावर घेतलं आणि धाकट्या दिरांचा गहू दाणे भरायच्या वेळेला उभा करपला. धाकटी जाऊ बांधावर बसून रडली, मी तिच्याजवळच होते. त्यानंतर धाकट्यांनी सांगून टाकलं की आता वेगळं करा, विहिरीचा माझा हिस्सा द्या, मी माझा बोअर पाडतो. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी तुटक बोलायला लागले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मालिकेचा त्या दिवसाचा भाग संपला आणि मामांनी टीव्ही बंद केला. सगळे बसलेलेच होते. त्यांनी थोरल्यांकडून किल्ली मागून घेतली आणि माझ्यासमोर ठेवली.

"लई बोलतीस ना राणीबद्दल. एक हंगाम तू चालवून दाखव. जमलं तर जमलं, न्हाई तर शिमग्याला विहीर वाटून टाकू."

अक्कांचा चेहरा उतरला. थोरले दीर चप्पल घालून बाहेर गेले. आमच्या ह्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं की घेऊ नको. मी घेतली. इतके महिने तोंड चालवलं होतं, आता हात मागं घेतला असता तर मला माझंच तोंड बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर वार लिहिले. सोमवार-मंगळवार थोरल्यांचे, बुधवार-गुरुवार आमचे, शुक्रवार-शनिवार धाकट्यांचे. रविवारी विहीर बंद, झरे भरू द्यायचे. बाहेरच्या कुणाला पाणी नाही. आणि खाली ठळक लिहिलं, हुकलेली बारी परत मिळणार नाही. पान मोटारीच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलं. रविवारची कल्पना कुणाची होती हे मामांनी लगेच ओळखलं, पण कुणाला सांगितलं नाही.

पहिला महिना शिव्या खाण्यात गेला. टँकरवाला दोनदा परत गेला. शेजारच्या शिवारातला माणूस थोरल्यांकडं तक्रार घेऊन आला, आणि थोरले खाली मान घालून म्हणाले की आता माझ्या हातात काही नाही. ते ऐकून मला वाईट वाटलं. तरी मी किल्ली दिली नाही. पारावर मला काय काय नावं पडली ते ह्यांनी घरी येऊन एकेक सांगितलं, अगदी चवीनं.

अशात मालिकेत एक गोष्ट घडली. राणीचा म्हातारा दिवाण तिला म्हणाला की पाण्याच्या वाटपात एक गाव राहून गेलंय, आपली मोजणी चुकली. राणीनं त्याच्याकडं बघितलं, धूर निघाला, दिवाण दगड. मामांनी पान लावता लावता माझ्याकडं मान वळवली.

"हितं हुकली बघ तुझी राणी."

मी उठून पोरांची ताटं गोळा करायला लागले.

मग आली वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात, सगळे शेतात. कडब्याची छोटी झोपडी, कोप, उभारायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, मग डाळी-भाज्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली गार आंबील. कामाला कुणी हात लावत नाही, मोटार तर नाहीच नाही. माझं माहेर कंधारकडचं, तिथंही हा सण होतो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. मी कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला वार लिहीत बसले आणि भिंतीवरच्या चालू कॅलेंडरात सणवार बघायचं मात्र विसरले. अमावस्या मंगळवारी आली. थोरल्यांच्या बारीचा दिवस.

लातूरहून पाहुणे आले होते, कोपीसमोर तीस-चाळीस माणसांची पंगत बसली होती. थोरल्या दिरांनी भज्जी कालवता कालवता पाहुण्यांना ऐकवावं तसं सांगितलं की काल निम्माच हरभरा भिजला, निम्मा कोरडा राहिला, फुलं यायच्या तोंडावरचं पाणी गेलं. आणि पेटीवर लिहिलंय, हुकलेली बारी परत नाही. नवीन राज्यात सणाला जागा नाही, असं म्हणून ते हसले. पंगत हसली. अक्का हसल्या नाहीत, त्या थेट माझ्याकडं बघत होत्या.

माझं डोकं असं तापलं की विचारू नका. नियम म्हणजे नियम, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. आत्ता नमले तर उद्या टँकर पुन्हा विहिरीवर, हेही दिसत होतं. रविवार त्यांना द्यावा तर विहिरीचा विसावा गेला, आणि एकदा मोडला की मोडला. मामा समोर बसले होते, आंबिलीचा पेला हातात तसाच धरून. मला त्या दगड झालेल्या दिवाणाची आठवण झाली. राणीला एवढं सगळं येत होतं. सगळ्यांदेखत खाली बघायचं तेवढं येत नव्हतं.

मी पदर सावरून उभी राहिले.

"चूक माझी हाय. मी अमावस्या बघितली न्हाई. उद्याचा बुधवार आमचा, तो थोरल्या घरानं घ्यावा."

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. आमचाही हरभरा त्याच अवस्थेत होता, आमची खालची पट्टी कोरडीच होती. घरी जाताना ते बैलगाडीत माझ्याकडं पाठ करून बसले आणि पुढचे दोन दिवस बोलले नाहीत. बुधवारी पहाटे मी स्वतः जाऊन पेटी उघडली आणि थोरल्यांच्या बाजूचा वाल्व्ह फिरवला. आपल्या वाटणीचं पाणी दुसऱ्याच्या सरीत जाताना बघवत नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसानंतर माझ्याकडं एक टँकर आला नाही, कुणी किल्ली मागितली नाही. ज्या बाईनं स्वतःची बारी सोडली तिच्याकडं जादा पाणी मागायला तोंड कुणाचं होणार?

आमच्या खालच्या पट्टीत घाटे जरा कमी लागले. बाकी तिन्ही घरांचा हरभरा असा आला की काढणीला माणसं पुरेनात. धाकट्यांचा गहू कमरेइतका. आणि शिमगा आला तेव्हा विहिरीत पाणी होतं. मी वाकून बघितलं, ह्यांना बघायला लावलं, आणि धाकट्या जावेला हाताला धरून नेऊन दाखवलं. ती हसायला लागली ते थांबेचना.

धुळवडीच्या संध्याकाळी मामांनी सगळ्यांना बोलावलं. मालिका तोवर संपत आली होती. राजपुत्र गादीवर बसला होता आणि आनंदात त्यानं नदीचे सगळे दरवाजे उघडून दिले होते. अक्का म्हणाल्या की अगं बाई, आता उन्हाळ्यात ही लोकं काय पितील? मामांनी टीव्ही बंद केला आणि विहीर वाटायची का, एवढंच विचारलं. धाकट्या दिरांनी मान हलवून नको म्हटलं. मग सगळे थोरल्यांकडं बघायला लागले.

आमच्यात थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचं असेल तर अक्कांच्या तोंडून, नाही तर भिंतीकडं बघून. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांनी मला उद्देशून एक शब्द काढला नव्हता. ते उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझ्याकडं बघून म्हणाले,

"पुढच्या साली अमावस्या कुणाच्या वारी येती, ते आधी बघून ठेव. पाण्याचं तूच बघायचंस."