समोरचा ब्रेक आणि बंडीचं वंगण

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वयात मी मोटरसायकलचा समोरचा ब्रेक घरीच दुरुस्त केला. दुरुस्त झाला असं माझं म्हणणं अजूनही आहे. गाडी तेवढी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरकवड्याले माझ्या साळ्याच्या पोरीचं साक्षगंध होतं, साखरपुडा म्हणा. नवरीले पहिलं कुंकू आत्यानं लावायचं, आणि आत्या म्हणजे माझी बायको. मुहूर्त सकाळचा. आणि इकडे ब्रेक दाबला की समोरच्या चाकातून जात्यात गोटे दळल्यासारखा आवाज ये.

"मिस्त्रीले दाखवा," बायको म्हणाली. "नाही तं मी आपली काळीपिवळी जीपनं जाते. माझं कुंकू चुकलं तं भावजय जलमभर बोलून दाखवीन."

"दारात गाडी असून काळीपिवळी कायले? मीच नेतो."

मी जाऊन ब्रेकचे नवे प्याड आणले. दुकानदार म्हणाला, "लावून देऊ काय, काका?"

"तू जन्मला नव्हता तवापासून मी बैलबंडीची चाकं काढून घालून राह्यलो," मी म्हणालो. (मी तिसरी शिकलो. चौथीत मास्तरचं आणि माझं पटलं नाही. पण चाक गोल असते, त्याले शाळा कायले लागते?)

अंगणात पोतं अंथरून बसलो. चाकाच्या तबकडीले दोन्हीकडून धरणारा चिमटा खोलला, जुने प्याड काढले. ते झिजून पापडासारखे झाले होते. आत काय हालते ते पाहाव म्हणून ब्रेकची दांडी दाबून पाहिली. आतून लोखंडाचं एक बोंड बाहेर आलं. पुन्हा दाबली, बोंड आणखी बाहेर आलं. मग नवे प्याड बसेचनात. आत्ता जागा होती, आत्ता नाही. जागा गेली कुठं?

"त्यानं ट्रकचे प्याड देल्ले," मी म्हणालो.

"ट्रकचे एवढुसे असते काय?" बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

शेवटी पकडीनं दाबून दाबून ते बोंड आत घातलं, प्याड बसवले, बोल्ट कसले. चाक हातानं फिरवून पाहिलं तं बारीक कर्र कर्र आवाज. माझा जीव भांड्यात पडला. कारण या दुखण्याचं औषध मले पाठ होतं. चाक कर्र करते म्हणजे वंगण मागते. बंडीची डबी आणली आणि तबकडीले दोन्हीकडून झकास वंगण चोपडलं. आवाज बंद.

"पाह्य," मी बायकोले म्हणालो. "मिस्त्री पाह्यजे होता म्हणे."

आणि गाडी घेऊन उतारावर निघालो.

खाली शेजाऱ्याचा, देवरावचा गोठा आहे. गोठ्यासमोर सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा ढीग. मी समोरचा ब्रेक दाबला. दांडी मुठीले टेकली, गाडी आपली चाललीच. मग मी अशा वेळी जे जलमभर केलं तेच केलं. "हो, हो रे, हो!" ओरडलो आणि कासरा ओढावा तसं हँडल अंगाकडं ओढलं. बैल असते तं थांबले असते. गाडीची मूठ मागं पिळली की गाडी पळते, हे मले माहीत होतं. हाताले माहीत नव्हतं. पायाखाली मागचा ब्रेक होता, त्याची आठवण ढिगात शिरल्यावर आली.

देवराव धावत आला. मले ओढून काढलं, मग गाडी काढली. तबकडीवर बोट फिरवलं.

"भाऊ, याले वंगण कोनं देल्लं?"

"मीनं. कर्र करून राह्यलं होतं."

"अजी, वंगण चाक फिराव म्हणून देतेत. हे तं थांबाव म्हणून असते."

मी कुटारात बसून विचार करून राह्यलो. एकाच चाकाचा एक भाग फिराव म्हणते, दुसरा थांबाव म्हणते. मग माणसानं ऐकाव कोणाचं?

तोवर बायको आली. मले लागलं काय ते तिनं विचारलं नाही.

"उद्याचं कसं?"

"नेतो म्हणलं नं."

"कशावर? कुटारावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंडी जुंपली. चाकाच्या आखाले, म्हणजे कण्याले, वंगण दिलं. (ते तिथंच द्यायचं असते, हे आता पक्कं झालं होतं.) बायको नवं लुगडं सावरत बंडीपाशी उभी राहिली. "आधी थांबवून दाखवा," म्हणाली. मी चार पावलं चालवून "हो" म्हणालो. बैलांनी माझी लाज राखली. मग ती चढली.

फाट्यावर चहाच्या टपरीमागं बैल सोडले, कडबा टाकला आणि काळीपिवळीत बसलो. मी पुढं ड्रायव्हरजवळ, बायको मागं बायांमध्ये. पहिल्याच वळणावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि चाकातून कर्र आवाज आला.

"प्याड गेले वाटते," तो म्हणाला. "काका, तुमाले समजते काय यातलं?"

मुहूर्त गाठायचा होता. मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "नाही बा. मले त्यातलं काही समजत नाही."

मागून बायको म्हणाली, "काय म्हणलं जी? आवाजात ऐकू नाही आलं."

मले ते पुन्हा म्हणाव लागलं, मोठ्यानं.