दिवेलागणीची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, रोशनीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरी कधी येणार नाही.

रोशनी माझी धाकटी बहीण. आई गेली त्याच वर्षी बाबांनी तिला हिवरखेडहून अमरावतीला माझ्या खोलीवर पाठवलं — डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी लावायला. "तू आहे ना तिथी, मंग मले काळजी नाही," एवढंच म्हणाले.

मी काय काम करते? तसं साधंच आहे. मोबाइलवर प्रश्नोत्तरांचा एक खेळ आहे, मुलं तो अभ्यासाच्या नावाखाली खेळतात. रोज खेळलं की पडद्यावरचा दिवा तेवत राहतो, एक दिवस चुकला की विझतो. आणि खेळ बंद करून बसलेल्याला परत बोलावणारी एखादी ओळ येते ना, टुणकन — ती मी लिहिते. साहेब म्हणाले होते, भाषा पुस्तकी नको, घरची पाहिजे. कोणत्या वेळी पाठवायची, हेही विचारलं. दिवेलागणीला, मी म्हणाले. खोलीवर राहणाऱ्या पोरांना तेव्हाच घर आठवतं. मला कसं माहीत? रोशनी रोज त्याच वेळी खिडकीशी जाऊन गप्प बसायची. मी बघत होते.

मग मी ती ओळ लिहिली. म्हणजे — लिहिली कसली? आईचीच होती. आम्ही शेजारी खेळत बसलो, अंधारून आलं, की ती अंगणातून हाक मारायची. "कुठी गुंतली वं पोरी? ये, मी वाट पाहून राहिली."

ओळ फार चालली. माझ्या कुठल्याच ओळीवर बोट दाबून इतकी मुलं खेळात परतली नव्हती. शाबासकी मिळाली. मी पेढे आणले, रोशनीनेही खाल्ले.

तिच्या मोबाइलवर तो खेळ होता. मला ठाऊक होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पुस्तक उघडं आणि ती खेळात — एक प्रश्न, अजून एक, ताटातलं जेवण गार. एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, हे आईसारखं बोलते." मी पोळी लाटत होते. "येडी आहे काय वं तू? मशीन आहे ते." मान वर केली नाही मी.

साहेबांना एक फोन केला असता तर ती ओळ निघाली असती. केला नाही. माझी सगळ्यांत चांगली ओळ होती ना ती!

निकाल लागला. कुठेच प्रवेश मिळणार नाही इतके कमी गुण. बाबा आले, पाणीसुद्धा न पिता दारातच बसले. काय झालं, त्यांनी अजून विचारलंही नव्हतं. मीच बोलले — "मोबाइल सुटत नाही हिचा." चोर तो चोर, वर शिरजोर.

बाबा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. "तुले मायची तरी याद नाही आली काय वं?" एवढंच तिला विचारलं.

रोशनीने माझ्याकडे पाहिलं. ती ओळ माझी, हे तिला माहीतच नव्हतं. मोठ्या बहिणीने मध्ये एखादा शब्द बोलावा, एवढीच आशा असेल. मी भांडी घासायला उठले. नळ मोठा सोडला.

बाबा तिला हिवरखेडला घेऊन गेले. जाताना मोबाइल माझ्याकडे दिला — हिच्या हाती पडू देऊ नको. आता बाबांच्या फोनवरून ती मोजकं बोलते. मला अजूनही "ताई" म्हणते. त्या हाकेनेही मला चोरट्यासारखं होतं.

तिचा मोबाइल माझ्या कपाटात आहे. दिवेलागणीला साड्यांच्या मागे उजेड होतो. कपाट न उघडताही मला कळतं, आत काय लिहून आलंय. खिडकीशी आता मी बसते.

तो बंद करून टाकणं काय अवघड आहे? पण मी त्याला रोज चार्जिंगला लावते.