रेघेपर्यंतचं पाणी

होळी होऊन आठवडाही झाला नव्हता. मी नेहमीसारखी नाशिकच्या एसटी स्टँडवर येवल्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. मामाच्या डायलिसिसचा दिवस. गाडीच्या आधी मामीचा फोन आला. "आज स्टँडवर थांबू नको गं..." एवढंच म्हणाली. मला कळलं. तरी ती गाडी येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि सगळे उतरेपर्यंत बघत राहिले. का, ते सांगता येणार नाही.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. येवल्याच्या पुढे माळरानाचं राखीव जंगल आहे. तिथे काळवीट आहेत, लांडगे-कोल्हे आहेत. आमच्याकडे काळविटांना सगळे हरणंच म्हणतात. उन्हाळ्यात नाले आटले की जंगलातल्या पाणवठ्यांत टँकरने पाणी नेऊन ओतायचं काम मामाकडे असे. पाणवठा भरला की तो एक वाळकी फांदी पाण्यात आडवी टाकायचा, खारी आणि मधमाश्या बुडू नयेत म्हणून. गावातले त्याला टोमणे मारत, "आमचा हरभरा खात्यात अन् तुझं पाणी पित्यात. तूच बोलवतो त्यांना जेवायला!" मामा म्हणे, "मंग? जेवल्यावर पाहुण्याला पाणी नको व्हय?"

अशा माणसाच्या किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी त्याचं पाणीच तोडलं. मामीने एका बाटलीवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. दिवसभराचं पाणी तेवढंच. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, तीही नाशिकला, त्यामुळे दवाखान्याचं काम माझ्याकडे आलं. तिथलं मला सगळं कळत होतं असं नाही... मी नुसती मान हलवत राहायचे. डायलिसिसच्या आधी वजन करत. काटा पुढे गेला की सिस्टर विचारी, "मामा, जास्त पाणी प्यायलात ना?" "नाय ओ, ऊन मुरलंय अंगात." ती हसायची. मला हसू येत नसे. पाणी छातीत साठलं तर श्वास कोंडतो, हे तिनेच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

गेल्या मे महिन्यात त्याने हट्टच धरला, एकदा तरी टँकरबरोबर जायचंच. ट्रॅक्टर शेजारच्याने चालवला. मामीने मला सोबत धाडलं, मामावर लक्ष ठेवायला. "आली का सीआयडी!" मामा म्हणाला. पाणवठ्यात टँकरचा पाइप सोडला आणि पाणी धो धो पडू लागलं. त्या धारेकडे तो नुसता बघत राहिला. मग त्याने ओंजळ भरली, तोंडाशी नेली... माझ्याने त्याला अडववेना. त्याने चूळ भरली आणि थुंकून टाकली. मग फांदी पाण्यात टाकली, आणि आम्ही लांब बाभळीखाली जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने माद्या आल्या, पिल्लं आली, शेवटी पिळाच्या शिंगांचा काळा नर. सगळ्यांनी माना खाली घातल्या. "बघ कसं पितंय," मामा हळूच म्हणाला. "घोटाघोटाचा आवाज येतोय." इतक्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं. पण मी "हो" म्हणाले.

घरी आल्यावर मामीने बाटली उजेडात धरून बघितली. "बघून घे, सरकार," मामा म्हणाला, आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसला.

मामा गेला त्या जागी दहा दिवस दिवा ठेवला होता. दिव्याशेजारी पाणीही ठेवतात. मामीने तांब्या काठोकाठ भरला, इतका की ठेवताना सांडला. कोणीतरी म्हणालं, "अगं, जरा कमी भर." मामी म्हणाली, "आता कुणी कमी म्हणायचं नाय." रोज सकाळी ती तो तांब्या तसाच भरायची.

मामाची ती बाटली डायलिसिसच्या शेवटच्या खेपेला माझ्या बॅगेत राहून गेली होती. होस्टेलवर मी तीच वापरते. यंदाही ऊन खूप आहे. टँकर आता शेजारचा नेतो. फांदी टाकतो का, ते विचारायचं राहून गेलंय. कॉलेजहून परत येताना घशाला कोरड पडलेली असते. कूलरपाशी माझ्या मागे मुलींची रांग असते. पाणी लाल रेघेशी आलं की माझा हात आपोआप नळ बंद करतो.

"अगं, पूर्ण भर की," मागची म्हणते.

"बास... एवढंच," मी म्हणते, आणि बाजूला होते.