तिसऱ्या मजल्यावरची बलदिया

बलदियाने उद्या दुबईच्या करामा भागातल्या सगळ्या पाट्या आणि नोटिसा काढून टाकल्या, तरी आमच्या बिल्डिंगचं काही अडणार नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. पाणी कधी जाणार, झुरळांचं औषध कधी मारणार, जुना सोफा उचलायला गाडी कधी येणार, मागच्या बागेतले झोके रंगवायला कधी घेणार, हे सगळं बलदियाइतकंच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनाही माहीत असतं. कधीकधी तर त्यांना ते आधी कळतं अशी मला शंका आहे. ते माझे सख्खे काका नाहीत. एका हार्डवेअरच्या कंपनीचं गोदाम ते सांभाळतात. काकू नागपूरला मुलाकडे असतात. सत्तावीस वर्षं दुबईत काढूनही काकांच्या बोलण्यातलं 'काहून' काही गेलेलं नाही.

रोज सकाळी साडेसहाला बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज येतो. आधी चहाचा एक मोठा घोट ऐकू येतो, मग "नमस्कार मंडळी" आणि मग बातम्या. पण ऐकीव बातमी काका कधीच देत नाहीत. प्रत्येक गोष्टीची ते स्वतः पाहणी करून येतात. चौकातले झेब्रा पट्टे नवे रंगवलेत असं कुणीतरी सांगितलं, तर काका जाऊन रंग वाळलाय का ते बोटाने बघून आले आणि दिवसभर ते पांढरं बोट लिफ्टमध्ये सगळ्यांना दाखवत होते. बागेत नवे बाक आले तेव्हा एकूण एक बाकावर बसून त्यांनी कळवलं, "डावीकडून तिसरा बाक सर्वांत चांगला. पाचनंतर सावली, आणि पाठीला आरामही बरा." दुसऱ्या दिवशी पाच वाजता त्या बाकावर बसायला आमच्याच बिल्डिंगमधल्या नऊ जणी हजर होत्या.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण माझ्या आईसाठी ते तसं नव्हतं. आई सातवी शिकलेली आहे आणि तिला मराठीच वाचता येतं. आम्ही इथे आलो तेव्हा लिफ्टमधल्या इंग्रजी-अरबी नोटिसा म्हणजे तिच्यासाठी नुसती नक्षी होती. आई डबे करते. पाण्याची टाकी धुवायच्या दिवशी पीठ मळलेले हात घेऊन ती कोरड्या नळासमोर उभी राहायची. काकांचे मेसेज सुरू झाल्यापासून तीच शेजारच्या मल्याळी बाईंना हिंदीत बजावायला लागली, "कल दस बजे पानी जायेगा, भरके रखो." ते सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

असे हे काका आयुष्यात एकदाच चुकले आणि ते नेमकं माझ्या प्रवेश परीक्षेच्या वेळी. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. परीक्षा रविवारी सकाळी होती. आठला गेट बंद होणार होतं, आणि त्यानंतर वर्षभर दुसरी संधी नव्हती. त्याच आठवड्यात कसल्याशा शर्यतीसाठी समोरचा मोठा रस्ता बंद राहणार होता. काकांनी बोर्ड पाहिला, फोटो काढला आणि जाहीर केलं, "शुक्रवार, शनिवार सकाळी रस्ता बंद. रविवारी मोकळा. आपल्या पोरीची परीक्षा आहे, काळजी नको." शुक्रवारी रस्ता मोकळाच दिसला, तेव्हा काका म्हणाले, "शर्यतवाल्यांचं मन बदललेलं दिसते." शनिवारी मात्र तो बंद होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

रविवारी पावणेसातला मी आणि आई खाली उतरलो. बाबा कंपनीची पिकअप घेऊन अबू धाबीजवळच्या मुसफ्फाला गेले होते. टॅक्सीवाल्याचा फोन आला, "सिस्टर, रोड बंद है, मैं अंदर नहीं आ सकता." रविवारी मेट्रोही उशिरा सुरू होते. आई पायरीवर मटकन बसली. तेवढ्यात काका खाली आले. त्यांनी अडथळे पाहिले, मग मोबाइलमध्ये स्वतःच काढलेला बोर्डाचा फोटो पाहिला. बोर्डावर शनिवार-रविवार असं स्वच्छ छापलेलं होतं. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची शनिवार-रविवार झाली, त्याला काही वर्षं झालीत. पण काकांच्या जिभेला ते कुणी कळवलेलंच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी शर्यत आहे म्हटल्यावर जिभेने जुनीच सुट्टी सांगून टाकली.

काकांचा चेहरा पांढरा पडला. पण क्षणभरच. "रडणं मागून. यल्ला, चल माझ्या मागं!"

मग आम्ही धावलो. पुढे चपला घातलेले काका, मध्ये मी, मागे आई. लाँड्रीच्या मागून, सुपरमार्केटच्या पार्किंगमधून, गल्ल्यांतून. आणि धावतानाही काकांच्या बातम्या चालूच! "हे झाकण मंगळवारीच बदललं, बिनधास्त पाय दे! इकडून नको, तिकडे खणून ठेवलंय! हा पादचारी पूल उघडा आहे, मी काल चढून पाहिला!" पुलाच्या पलीकडे टॅक्सी मिळाली. गेटवर पोचलो तेव्हा आठला सहा मिनिटं कमी होती. तीन तासांनी मी बाहेर आले, तर काका समोरच्या फुटपाथवर आईशेजारी बसले होते. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलंच नाही. मीच म्हणाले, "काका, चांगला गेला." तेव्हा ते रुमालात तोंड घालून खूप वेळ घाम पुसत राहिले.

मला प्रवेश मिळाला. पण परीक्षेच्या दुसऱ्याच दिवसापासून व्हॉइस मेसेज बंद झाले होते. दोन आठवडे बिल्डिंग आंधळ्यासारखी चालली होती. टाकी धुवायच्या दिवशी सगळ्या मजल्यांवरचे नळ कोरडे पडले, तेव्हा आई कोपरापर्यंत पीठ घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली.

"भाऊजी, एक चूक झाली म्हणून आम्हाला बिनपाण्याचं ठेवता का?"

"वहिनी, पोरीचं वर्ष गेलं असतं."

"गेलं नाही ना? मग खलास! उद्यापासून सुरू करा."

काकांनी ऐकलं, पण एक अट घातली. बातमी ग्रुपवर जाण्याआधी ती मी तपासायची.

आता मी शारजाला हॉस्टेलवर असते. रोज संध्याकाळी काकांचा कच्चा मजकूर येतो, सोबत नोटिशीचा फोटो. मी वार आणि वेळ ताडून बघते आणि 'बरोबर आहे' असं कळवते. गेल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, 'बाग सोमवारी बंद.' नोटिशीत मंगळवार होता. मी घाईघाईने फोन केला.

"काका, मंगळवार आहे, सोमवार नाही."

"हो का? बाप्पा! बरं झालं फोन केला तू. जेवलीस का?"

मग अर्धा तास आम्ही बोललो. आईच्या डब्यांबद्दल, माझ्या न सुटणाऱ्या गणितांबद्दल आणि नागपूरला जायचं या वर्षीही लांबलं त्याबद्दल. फोन ठेवल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला. काकांनी फोटो काढण्याआधीच कागदावरच्या मंगळवारभोवती लाल पेनाने ठळक गोल केलेला होता.